मोडीपासून स्वल्पविरामापर्यंत

मनीमाजऱ्याहून फार दूर नसलेले सरहिंद १७५८ साली रघुनाथरावांच्या फौजांनी घेतले, त्या काळी मराठ्यांचा पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडीची रीत अशी की, आधी आडवी शिरोरेषा ओढावयाची आणि तिच्याखाली शब्दांत अंतर न सोडता अक्षरे जोडीत न्यावयाची. त्या कागदांत स्वल्पविराम नाही. तरी अर्थ लागे, तो ‘हे’, ‘यांनी’, ‘यांसी’, ‘म्हणोन’ अशा शब्दांच्या आधाराने. नावामागे कितीही बिरुदे असोत, ‘यांसी’ आले की वाचणाऱ्यास थांबा कळे.

विरामचिन्हे आपल्याकडे रुजली ती छापील पुस्तकांबरोबर, इंग्रजीच्या वळणाने. मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. परक्या माणसाने आपल्या वाक्याला श्वास घ्यावयास शिकवावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

या चिन्हाचे खरे काम जादा माहिती बाजूला काढण्याचे. ‘बाजीरावांचे ज्येष्ठ पुत्र, नानासाहेब, तेव्हा पेशवे होते’ येथे नाव वगळले तरी माणूस तोच राहतो. म्हणून दोन्ही बाजूंस चिन्ह हवे, एकच देऊन भागत नाही. उलट, ‘बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव सरहिंदला आले’ यात चिन्ह घालू नये; पुत्र अनेक, नावावाचून कोणता ते कळणार नाही. आपल्या शेजारच्या मनसादेवीचेच पाहा. मनीमाजऱ्याचे राजे गोपालसिंग यांनी १८११ ते १८१५ या काळात बांधविलेले मंदिर ते मुख्य. त्याच आवारात पतियाळाच्या करमसिंगांचे दुसरे मंदिर आहे. तेव्हा ‘गोपालसिंगांनी बांधविलेले’ ही जादा माहिती नव्हे, ती ओळख आहे.

मराठीने हा भेद ‘जो–तो’च्या जोडीने पूर्वीपासून सांभाळला. येथे वाढणारी आमची मुले मात्र शाळेतील हिंदी-इंग्रजीच्या धाटणीने वाक्य रचतात, आणि उद्या मंडळाच्या सूचना तीच लिहिणार आहेत. ‘ज्या सभासदांनी वर्गणी भरली आहे त्यांनी मत द्यावे’ असे लिहिले, तर थकबाकीदार आपोआप वगळला जातो. ‘सभासदांनी, ज्यांनी वर्गणी भरली आहे, मत द्यावे’ असे लिहिले, तर सर्वांनीच वर्गणी भरल्याचे मंडळाने मान्य केले असे होते. मग थकबाकीदार तोच कागद पुढे करून मत मागू लागला, तर त्यास कोणत्या तोंडाने नाही म्हणावयाचे?