वाटसरूची करमणूक

कामासाठी घर सोडून गेलेल्या माणसाचा दिवस कसाबसा निभावतो. खरा प्रश्न असतो तो संध्याकाळचा. हिशेब तपासून झालेले असतात, माल दाखवून झालेला असतो, साहेबांची भेटही उरकलेली असते. मग परगावच्या लॉजमधील खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि ठिबकणारा नळ एवढीच सोबत उरते. यात्रेकरूला भजन असते, वऱ्हाडी मंडळींना गप्पा असतात. चाकरीच्या पायी फिरणारा माणूस बहुधा एकटा असतो. या एकट्या माणसाने आपल्या वळकटीत, पेटीत आणि पुढे खिशात करमणुकीसाठी काय काय वाहून नेले, याचा इतिहास मला राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच वाचनीय वाटतो.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, आणि हातपाय न हलवता तासन् तास बसून राहण्याचा नवाच प्रसंग माणसावर आला. त्यावरचा पहिला उतारा म्हणजे पुस्तक. अलाहाबादेत १८७७ साली ए. एच. व्हीलर ही कंपनी निघाली आणि तिचे पुस्तकांचे स्टॉल स्टेशनोस्टेशनी दिसू लागले. याच कंपनीने १८८८ साली ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या मालेत किपलिंगच्या गोष्टींची पुस्तके प्रत्येकी एक रुपयाला विकायला काढली. किपलिंग तेव्हा अलाहाबादच्याच एका वर्तमानपत्रात नोकरीला होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरणारे अंमलदार, इंजिनिअर, व्यापारी हे त्याचे गिऱ्हाईक. पुस्तक वाचून झाले की समोरच्या बाकावरील प्रवाशाला देता येई, हा त्यातला मोठाच गुण.

पुस्तकामागून सूर आले. लंडनच्या एका वाद्यविक्रेत्या कंपनीने १९१४ साली ‘डेक्का’ नावाचा पेटीवजा ग्रामोफोन काढला. मिटला की हातात धरून न्यावा, उघडला की तबकडी लावावी. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि ही पेटी थेट खंदकांत जाऊन पोचली. पुढे १९५४ साली अमेरिकेत ‘रीजन्सी’ हा ट्रान्झिस्टर रेडिओ निघाला. किंमत पन्नास डॉलरला पाच सेंट कमी. १९५७ साली जपानच्या सोनी कंपनीने आपला रेडिओ ‘खिशात मावणारा’ म्हणून बाजारात आणला, पण तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा अंमळ मोठाच झाला होता. तेव्हा कंपनीने काय करावे? रेडिओ लहान करण्याऐवजी आपल्या विक्रेत्यांसाठी मोठ्या खिशांचे शर्ट शिवून घेतले! ही हकिकत कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनीच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

मोरितांचे भागीदार मासारू इबुका यांना कामासाठी लांबलांबचे विमानप्रवास करावे लागत. वाटेत संगीत ऐकावे म्हणून ते कंपनीचाच टेपरेकॉर्डर सोबत नेत, पण तो फार जड. त्यांनी हलके, केवळ ऐकवणारे यंत्र मागितले. बातमीदारांसाठी केलेल्या एका छोट्या टेपरेकॉर्डरमधील ध्वनी टिपण्याची सोय काढून टाकली, स्टिरिओची सोय घातली, आणि १ जुलै १९७९ रोजी ३३,००० येन किमतीचा ‘वॉकमन’ विक्रीस आला. म्हणजे या जगप्रसिद्ध वस्तूचा उगम कामानिमित्त प्रवास करणाऱ्या एका माणसाच्या कंटाळ्यात आहे.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे. मोरितांनी पहिले यंत्र घरी नेऊन कानाला लावले, तेव्हा आपण बाहेर पडल्यासारखे वाटून त्यांच्या पत्नी नाराज झाल्या. शेजारी माणूस बसलेले असताना एकट्याने ऐकणे हा असभ्यपणा होईल, असे मोरितांना वाटले आणि पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोके ठेवण्यात आली. एवढेच नव्हे, तर दोघांना बोलायचे झाले तर संगीत दबवून आवाज पोचवणारे एक बटणही होते. लोकांनी मात्र हे यंत्र एकट्याचेच मानले. काही वर्षांत बटण गेले, आणि पुढे बहुतेक वॉकमनांतून दुसरे भोकही गेले.

सुरांनंतर चित्राची पाळी. डीव्हीडी ही बारा सेंटिमीटरची तबकडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात विक्रीस आली, आणि १९९८ साली पॅनासॉनिकने ती लावण्याचे, स्वतःचा पडदा असलेले, हातात नेण्याजोगे यंत्र काढले. पडदा जेमतेम ५.८ इंच. १९९१ पासून बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी आणि सपाट पडदा या दोन शोधांवाचून अशी वस्तू कोणाला कल्पनेतच ठेवावी लागली असती. तबकडीवरील दोन रेघांमधील अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे शंभर रेघा! त्यांतल्या एकीवर प्रकाशकिरण धरून ठेवायचा, आणि तोही हादरणाऱ्या गाडीत. म्हणून यंत्र पुढचा थोडा भाग आधीच वाचून स्मरणात ठेवी. धक्का मोठा बसला की तरीही नायिका तोंड उघडे ठेवून थबकून राही.

असे यंत्र निवडताना अनुभवी माणूस पडद्याच्या इंचांना भुलत नसे. बॅटरी हिंदी चित्रपटाच्या तीन तासांना पुरते का, हे तो आधी पाही. मोटारीत सिगारेट पेटवायच्या भोकातून वीज घेता येते का, हे फिरत्या विक्रेत्याला महत्त्वाचे. आपल्याकडे व्हीसीडी चालणेही आवश्यक, कारण २००७च्या सुमारास मोजर बेअर कंपनीने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून खेडोपाडी पोचवली होती. शिवाय प्रांतबंदी! चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले होते: अमेरिका एक, जपान आणि युरोप दोन, भारत पाच. अमेरिकेतल्या भाच्याने मामासाठी हौसेने आणलेले यंत्र पाच क्रमांकाची तबकडी परकी म्हणून नाकारी; क्रमांकाचे कुलूप नसलेली तबकडी मात्र मुकाट्याने चाले.

मी असे यंत्र २००९ साली पुण्याच्या दहा दिवसांच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी घेतले. दुकानात तीन यंत्रे मांडली होती. त्यांतल्या मध्यम पडद्याच्या यंत्राला हेडफोनची दोन भोके होती, म्हणून तेच घेतले. परतीच्या रात्रीच्या गाडीत मी ‘पिंजरा’ लावला. शेजारी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी बसला होता. महिन्यातले वीस दिवस तो फिरतीवर असे. थोडा वेळ मूक चित्रे पाहून तो म्हणाला, “सर, दुसरं भोक मोकळं आहे. माझ्याकडे हेडफोन आहे.” मग आम्ही दोघे एकाच यंत्राला जोडलेले! तमाशाच्या नादी लागून मास्तरांची वाताहत होऊ लागली, तसा तो पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे अधिक पाहू लागला. शेवटी न राहवून म्हणाला, “सर, तुम्ही जपून राहा बरं का!” चित्रपट संपल्यावर त्याने डबा उघडला. बायकोने दिलेल्या धपाट्यांतला अर्धा वाटा माझ्या हातावर ठेवला, आणि मुलगी आपल्याला ‘सुट्टीचे बाबा’ म्हणते, हेही सांगितले. पुस्तकाच्या पानाआड मी बसलो असतो, तर हे मला कळले असते असे वाटत नाही.

त्या यंत्राचे राज्य अल्पायुषी ठरले. चित्रपट फोनवर आले. टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून ज्या नेटफ्लिक्सचा धंदा १९९८ साली सुरू झाला, तिनेही ते पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवले. पोर्टेबल प्लेअर आजही मिळतात. पण डब्यात मान वर करून पाहावे तर प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा असतो. यात गैर काही नाही. लॉजमधला एकटा माणूस आज घरच्या लेकराचे तोंड पाहत बोलू शकतो, आणि ‘सुट्टीच्या बाबां’ना याहून मोठी करमणूक कोणती?

मात्र दोन भोकांची गोष्ट तेवढ्याने संपत नाही. २०१६ साली ॲपलने नव्या आयफोनमधून हेडफोनचे उरलेसुरले भोकही काढून टाकले. पुढे २०१९ साली त्याच कंपनीने एका फोनला दोघांचे बिनतारी हेडफोन एकाच वेळी जोडण्याची सोय केली. टोकिओतल्या त्या गृहिणीची नाराजी समजायला कारखानदारांना पुन्हा चाळीस वर्षे लागली, एवढेच.