जावाचे घर नेमके कोणते?

१/ एकाच संगणकावर जावाची दोन-तीन व्हर्च्युअल मशीन सुखाने नांदू शकतात. पण आज्ञा देताच त्यांपैकी कोणते जागे होईल, हे कोण ठरवते? या प्रश्नाचे उत्तर जावाहून सोळा वर्षांनी जुने आहे.

२/ १९७९ साली बेल लॅब्सच्या युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलही आले. नाव आणि मूल्य अशा या जोड्या प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मदात्या प्रोग्रॅमकडून वारशाने मिळतात. मात्र वारसा मिळतो तो नकलेच्या रूपाने. मुलाने आपल्या प्रतीत खाडाखोड केली, तरी पालकाची प्रत तशीच राहते.

३/ १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जाहीर केली. एकदा लिहा, कुठेही चालवा, हे तिचे ब्रीद. ते खरे ठरायचे, तर आधी मशीनचा पत्ता सापडायला हवा.

४/ घोळ इथेच सुरू झाला, कारण पत्ते दोन झाले. ‘पाथ’ ही फोल्डरांची क्रमवार यादी; तीत जी जावा प्रथम सापडेल, ती चालते. ‘जावा होम’ हा निव्वळ संकेत. जावाची आज्ञा स्वतः तो पाहत नाही. मेव्हन, टॉमकॅट यांसारखी साधने पाहतात. म्हणूनच आवृत्ती विचारल्यावर एक उत्तर मिळते आणि मेव्हन भलत्याच जावावर काम करते.

५/ जावा ८ (२०१४) आणि जावा ९ (२०१७) यांत तीन वर्षांहून अधिक अंतर होते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली. प्रत्येक क्लास फाइलवर आवृत्तीचा क्रमांक कोरलेला असतो: जावा ८ साठी ५२, जावा ११ साठी ५५. जुने मशीन नवा क्रमांक पाहताच फाइल नाकारते. पत्ता चुकला, की चालता प्रोग्रॅम ठप्प!

६/ उपायही निघाले. डेबियनने सांकेतिक दुव्यांची ‘अल्टरनेटिव्ह्ज’ व्यवस्था वापरली. पण दुवा बदलला, तरी जावा होम जागचे हलत नाही.

७/ तेव्हा मशीन बदलताना आधी जावा होम बदलावे, मग त्यातील ‘बिन’ फोल्डर पाथच्या अग्रभागी ठेवावे. कायमस्वरूपी बदल केला असल्यास टर्मिनलची नवी खिडकी उघडावी. जुनीजवळ जुनीच नक्कल असते. शेवटी जावा आणि मेव्हन, दोघांनाही त्यांची आवृत्ती विचारावी.

८/ सेहेचाळीस वर्षांहून जुना हा वारसाहक्क आजही तितकाच कठोर आहे: जे जन्मताना मिळाले, तेवढेच आपले.