सर्पगंधेचे जर्मन नाव

नागावची माझी आजी तान्ह्या मुलांसाठी वेखंड उगाळीत असे. जर्मनीत परिचारिकेच्या नोकरीवर आल्यावर औषधाच्या दुकानात तीच मुळी मला 'काल्मुस' या नावाने भेटली. नाव परके, वास मात्र आजीच्या सहाणेचा! सर्पगंधेची हकिगत याहून चमत्कारिक आहे.

इस्पितळात रक्तदाबाच्या रोग्यांना आम्ही देत असलेल्या काही गोळ्यांत रिसर्पिन असे. सर्पगंधेच्या मुळीतील हे द्रव्य १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वेगळे केले. त्याआधी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा रक्तदाबावरील गुण एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. बिहारकडे तर ती पूर्वीपासून 'पागल की दवा' म्हणून विकली जाई.

तरी शास्त्रात तिचे नाव 'राउवोल्फिया'. लिओनहार्ट राउवोल्फ हे आउग्सबुर्गचे वैद्य. पूर्वेकडील औषधींच्या व्यापारात लाभ व्हावा म्हणून त्यांचे व्यापारी मेहुणे मेल्किओर मानलिख यांनी १५७३ साली त्यांना प्रवासास धाडले. अलेप्पो, बगदाद, यरुशलेम असा प्रवास करून ते १५७६ साली परतले. अलेप्पोतील लोक पितात ती कॉफी त्यांनी 'चाउबे' अशी, तेथल्या लोकांच्या तोंडच्या नावाने, टिपून ठेवली. हिंदुस्थानात मात्र ते आलेच नाहीत. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्ल्युमिए यांनी १७०३ साली अमेरिकेतील एका झाडाला त्यांचे नाव दिले. आपली सर्पगंधा त्या झाडाची सगोत्र ठरली, म्हणून तेच नाव तिलाही चिकटले.

सर्पगंधेचे औषध मुळीत. मुळी खणली की झाड गेले. मागणी वाढली तशी रानातील सर्पगंधा कमी झाली आणि १९९० पासून तिच्या परदेशी व्यापारावर परवान्याचे बंधन आले. १९९० नंतरच्या दशकात जर्मनी दरवर्षी सुमारे ४५ हजार टन औषधी वनस्पती आयात करीत असे. हांबुर्ग हे त्या व्यापाराचे मोठे बंदर, आणि भारत हा मोठा पुरवठादार. व्यापाराच्या कागदांवर लॅटिन नाव चालते. मुळी खणणाऱ्या बाईने तिला काय म्हटले, ते कोणी लिहीत नाही.

परिचारिका म्हणून एक सांगते: सर्पगंधा घरच्या घरी कधीही घेऊ नये. तिने रक्तदाब फार उतरतो, मन खचते.

पण नावे जपायला काय हरकत आहे? राउवोल्फने परक्यांचा शब्द लिहून ठेवला. आपण निदान आपल्या आजीचे शब्द वहीत लिहून ठेवू या. वेखंड, सब्जा, अडुळसा ही नावे नातवंडांना कळलीच पाहिजेत.