वर्दी उतरल्यावरची लढाई

दुसऱ्या महायुद्धात लाखो हिस्पॅनिक तरुण अमेरिकेच्या सैन्यात होते. भरतीच्या वेळी कुणी आडनावाला हरकत घेतली नाही. टेक्सासात परतल्यावर मात्र तेच आडनाव आड येऊ लागलं. शिक्षणभत्त्याचे चेक रखडायचे, अपंगत्वाच्या पेन्शनचे अर्ज पडून राहायचे, लष्करी इस्पितळात खाट मिळायची नाही. कॉर्पस क्रिस्टीचे डॉ. हेक्टर गार्सिया यांच्या दवाखान्यात ही गाऱ्हाणी येत. युद्धात ते स्वतः युरोपात लष्करी डॉक्टर होते. २६ मार्च १९४८ रोजी त्यांनी एका शाळेत सभा बोलावली. सुमारे ७०० माजी सैनिक जमले आणि 'अमेरिकन जीआय फोरम' उभी राहिली.

पहिली मोठी कसोटी वर्षाच्या आतच आली. शिपाई फेलिक्स लोंगोरिया १९४५ मध्ये फिलिपीन्समधल्या लुझॉन बेटावर मारला गेला होता. त्याचे अवशेष १९४९ मध्ये थ्री रिव्हर्स या त्याच्या गावी आणायचं ठरलं, तेव्हा तिथल्या अंत्यविधीगृहाने प्रार्थनागृह नाकारलं. गोऱ्यांना चालणार नाही, हे कारण. देशासाठी मेलेल्या माणसाला त्याच्याच गावात मिळालेलं हे उत्तर आजही संताप आणतं. गार्सियांनी तारा पाठवल्या. नवे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी ताबडतोब प्रतिसाद दिला, आणि १६ फेब्रुवारी १९४९ रोजी लोंगोरियाला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात मूठमाती मिळाली. त्यानंतर गावोगावी फोरमच्या शाखा निघाल्या. स्त्रियांची आणि तरुणांचीही मंडळं झाली. माझ्या मते संस्थेला बळ आलं ते त्यांच्यामुळे, कारण मुलांना शाळेत टिकवणं आणि लोकांना मतदानासाठी तयार करणं ही कामं घराघरांत जाऊनच होतात.

फोरमने कोर्टाचं दारही ठोठावलं. 'हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास' खटल्याला तिने पाठबळ दिलं. जॅक्सन काउंटीत पंचवीस वर्षांत एकही मेक्सिकन-अमेरिकन ज्यूरीवर बसला नव्हता. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की समान संरक्षणाचा हक्क या समाजालाही आहे.

पुढे व्हिएतनामहून आलेल्यांसाठी नोकरी आणि प्रशिक्षणाची कामं सुरू झाली. गार्सियांना १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं, तर १९९८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने फोरमला सनद दिली. भरतीचं आवाहन करणाऱ्या सरकारकडे परतलेल्या शिपायाचा हिशेब मागायचा, हे काम मात्र सनदेच्या पन्नास वर्षं आधीच सुरू झालं होतं.