हुंडी आणि अंकीय स्वाक्षरी : अविश्वासाच्या व्यवहारातील दोन पद्धती

परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन पक्षांत पैशाची देवघेव सुरक्षितपणे कशी व्हावी, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, असा समज रूढ आहे. इतिहासाच्या कसोटीस तो उतरत नाही. हिंगोलीसारख्या पेठेची स्थिती लक्षात घेतली म्हणजे या प्रश्नाचे जुने स्वरूप स्पष्ट होते.

१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद कंटिंजंटची छावणी तेथे १९०३ पर्यंत राहिली. कापसाची पेठ म्हणूनही गावाचा लौकिक होता. शेजारचे वऱ्हाड १८५३ च्या तहाने ब्रिटिश कारभाराखाली गेले. त्यामुळे एका बाजूस हाली शिक्का, दुसऱ्या बाजूस कलदार रुपया. शिवाय दोन राज्यांची न्यायालये निराळी. अशा प्रदेशात रोकड वाहून नेणे धोक्याचे, आणि बुडालेली रक्कम परराज्यातून वसूल करणे त्याहून कठीण. हुंडीचे महत्त्व या परिस्थितीत आहे.

दख्खन व पश्चिम हिंदुस्थानातील प्रचलित हुंडीचे परीक्षण केल्यास तीत तीन बंदोबस्त दिसून येतात. पहिला लिखिताचा. रक्कम केवळ आकड्यात व अक्षरात न लिहिता ‘निमे इतके, त्याची दुप्पट’ अशा रीतीने पुन्हा नोंदविली जाई. सहस्राचा आकडा कोणी वाढविला, तर निम्म्याचा आकडा त्याची साक्ष देईनासा होई. चलन कोणते, हेही मजकुरात स्पष्ट केले जाई. हाली व कलदार यांच्या मूल्यात विसाव्या शतकात सुमारे सातास सहा असे अंतर असता ही दक्षता अनाठायी नव्हती.

दुसरा बंदोबस्त मार्गांच्या विभागणीचा. हुंडी धारकाच्या हाती जाई. तिची सूचना देणारे पत्र लिहिणाऱ्या पेढीकडून देणाऱ्या पेढीकडे स्वतंत्रपणे रवाना होई. दोहोंचा मेळ बसला म्हणजे शंकेस जागा उरत नसे. मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ व तीही हरवल्यास ‘परपेठ’ देण्याची चाल होती; मात्र आधीच्या प्रतीवर रक्कम दिली गेली नसेल तरच ती द्यावी, अशी अट प्रत्येक नव्या प्रतीत असे. रक्कम चुकती झाल्यावर हुंडी ‘खोका’ होऊन देणाऱ्याच्या दप्तरी राही. एकाच कागदावर दोनदा पैसे उचलण्याचा मार्ग अशा रीतीने बंद केला जाई.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा बंदोबस्त शाहजोग हुंडीतील होय. हिची रक्कम वाटेल त्या धारकास मिळत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शाहा’च्या हाती ती द्यावयाची असे. हुंडी बनावट ठरल्यास शाहाने रक्कम परत करावी, असा संकेत होता. देणारा धारकास ओळखत नसे, पण शाहास ओळखत असे. अविश्वास नाहीसा झाला नाही; तो ज्यास पेलवेल अशा व्यक्तीकडे हलविला गेला. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील लेखांसंबंधीचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले, यावरून या संकेतांचे बळ ध्यानी येते.

आधुनिक गूढलेखनशास्त्राने यांपैकी पहिल्या दोन बंदोबस्तांचे स्वरूप पालटले. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी उघड किल्लीची कल्पना मांडली. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांची पद्धती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी उघड किल्लीने कोणासही पडताळता येऊ लागली. मजकुरातील एक अक्षर बदलले, तरी पडताळणी फसते. निम्मे-दुपटीच्या युक्तीचे कार्य येथे गणित करते, आणि कितीतरी अधिक निश्चितपणे. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अशा स्वाक्षरीस कायद्याची मान्यता दिली.

तथापि तिसऱ्या बंदोबस्ताची जागा गणितास सर्वस्वी घेता आलेली नाही. उघड किल्ली अमक्याचीच, हे कोणी सांगावे? त्यासाठी प्रमाणपत्र देणारा अधिकारी लागतो. करारावर दोघांनी एकमेकांच्या सह्या घ्यावयाच्या, तर आधी सही कोणी करावी, हाही पेच राहतो. निश्चित स्वरूपाच्या कोणत्याही पद्धतीने, तिऱ्हाइताशिवाय, हा पेच सुटत नाही, असे शिमोन इव्हन व याकोबी यांनी १९८० साली दाखविले. पुढील संशोधनाने यादृच्छिकतेच्या साह्याने धोका कमी करण्याचे मार्ग शोधले. पण तिऱ्हाइताची गरज त्याने सर्वस्वी संपविली नाही.

दोहोंतील भेदही दुर्लक्षिण्याजोगा नाही. शाहाची पत पेठेतील सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. तो चुकल्यास स्वतःची रक्कम गमावी. ज्या शेतकऱ्याची वा हमालाची पेठेत पत नव्हती, त्यास मात्र शाहाची मनधरणी केल्यावाचून गत्यंतर नव्हते. गणिताच्या पद्धतीत ही मनधरणी उरत नाही. परंतु प्रमाणपत्र देणारा चुकला तर नुकसान कोणी सोसावे, हा प्रश्न गणिताचा नसून कायद्याचा राहतो. हुंडीच्या इतिहासाचा खरा धडा हाच, की व्यवहाराची सुरक्षितता केवळ लेखाच्या कूटतेवर अवलंबून नसते. चुकीची किंमत कोणाच्या माथी पडावी, याचा निर्णय आधीच झालेला असावा लागतो. पेठेने तो रिवाजाने केला होता.