पॅलेस्टाईन अभ्यास संस्था, बैरूत

पॅलेस्टाईनचा प्रश्न, अरब-इस्रायल संघर्ष आणि त्यांच्याशी निगडित आंतरराष्ट्रीय राजकारण यांचा पॅलेस्टिनी दृष्टिकोनातून अभ्यास करणारी स्वतंत्र संशोधन व प्रकाशन संस्था. अरबी नाव मुअस्ससत अद्-दिरासात अल्-फिलस्तीनिया. लेबाननची राजधानी बैरूत येथे १९६३ मध्ये स्थापन झाली. ती कोणत्याही सरकारशी, पक्षाशी वा संघटनेशी संलग्न नाही.

स्थापना व पार्श्वभूमी : १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात सुमारे साडेसात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले. घरादारांबरोबर दप्तरे, ग्रंथसंग्रह आणि कौटुंबिक कागदपत्रेही मागे राहिली. स्वतःचे राज्य नसलेल्या या समाजाला राष्ट्रीय अभिलेखागार असणे शक्य नव्हते आणि पाश्चात्त्य राजधान्यांत त्याची बाजू मांडणारे अभ्यासकही मोजकेच होते. ही उणीव भरून काढण्यासाठी तीन विद्वानांनी पुढाकार घेतला. इतिहासकार कॉन्स्टंटाईन झुरेक हे दमास्कसचे. १९४८ च्या पराभवाची मीमांसा करणारे ‘मअना अन्-नक्बा’ हे पुस्तक त्यांनी त्याच वर्षी लिहिले होते. बुरहान दजानी हे अर्थतज्ज्ञ. जेरुसलेममध्ये जन्मलेले वालिद खालिदी ऑक्सफर्डमध्ये अध्यापन करीत होते; १९५६ मध्ये ब्रिटनने सुएझवर केलेल्या हल्ल्याच्या निषेधार्थ राजीनामा देऊन ते बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात आले. झुरेक दीर्घकाळ संस्थेच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते, तर खालिदी यांनी अनेक दशके सचिवपद सांभाळले.

ग्रंथप्रकाशन : मूळ कागदपत्रे जमवणे आणि ती वाचकांसमोर ठेवणे हा संस्थेच्या कामाचा पाया आहे. पॅलेस्टाईनविषयक आंतरराष्ट्रीय दस्तऐवज आणि संयुक्त राष्ट्रांचे ठराव तिने खंडरूपाने छापले. खालिदी यांनी संपादित केलेला ‘फ्रॉम हेवन टू कॉन्क्वेस्ट’ (१९७१) हा झायनवाद आणि १९४८ पर्यंतचा पॅलेस्टाईन यांवरील निवडक लेखनाचा संग्रह, तर ‘बिफोर देअर डायस्पोरा’ (१९८४) हा १८७६ ते १९४८ या काळातील पॅलेस्टिनी जीवनाचा छायाचित्ररूप इतिहास. इस्रायली समाज व राज्यव्यवस्था यांचा अभ्यासही संस्थेने पहिल्यापासून गांभीर्याने केला. हिब्रू वृत्तपत्रांतील निवडक मजकुराचे अरबी अनुवाद ती नियमितपणे प्रसिद्ध करते.

संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे ‘ऑल दॅट रिमेन्स’ (१९९२) हा ग्रंथ. बीरझैत विद्यापीठ आणि नाझरेथमधील गॅलिली सामाजिक संशोधन केंद्र यांच्या सहकार्याने तो तयार झाला. १९४८ च्या सुमारास ओस पडलेल्या वा उद्ध्वस्त झालेल्या ४१८ गावांची नोंद त्यात आहे. प्रत्येक गावासाठी ठरावीक रकाने आहेत : जवळच्या शहरापासूनचे अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीची मालकी आणि वापर, लोकसंख्या, १९३१ च्या गणनेतील घरे. पुढे गावाचा इतिहास, ते रिकामे कसे झाले, त्याच्या जमिनीवर कोणत्या इस्रायली वसाहती उभ्या राहिल्या आणि जागेवर आज काय दिसते, असा क्रम येतो. उदाहरणार्थ, जेरुसलेमजवळच्या देर यासीनची लोकसंख्या १९४४-४५ मध्ये ६१० होती. ९ एप्रिल १९४८ रोजी इर्गुन व लेही या झायनवादी सशस्त्र गटांनी तेथे हत्याकांड केले. गावातील उरलेली बरीच घरे पुढे एका मनोरुग्णालयाच्या आवारात गेली. अशा तपशिलांमुळे विस्थापितांच्या पुढच्या पिढ्यांना आपल्या गावाचा ठावठिकाणा छापील स्वरूपात मिळाला.

नियतकालिके : ‘जर्नल ऑफ पॅलेस्टाईन स्टडीज’ हे इंग्रजी त्रैमासिक १९७१ मध्ये कुवेत विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू झाले. हिशाम शराबी त्याचे आरंभीचे संपादक होते. पुढे इतिहासकार रशीद खालिदी यांनी ही धुरा वाहिली. पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सैद यांच्याप्रमाणेच इलान पापे यांच्यासारख्या इस्रायली इतिहासकारांचेही लेखन त्यात आले आहे. पॅरिसहून १९८१ पासून फ्रेंच नियतकालिक निघू लागले, तर अरबी त्रैमासिक १९९० मध्ये सुरू झाले. कादंबरीकार इलियास खूरी यांनी अरबी त्रैमासिकाचे संपादन केले. शहराच्या सामाजिक इतिहासाला वाहिलेल्या ‘जेरुसलेम क्वार्टर्ली’ची उभारणी समाजशास्त्रज्ञ सलीम तमारी यांनी केली. बैरूतमधील मुख्य कार्यालयाखेरीज संस्थेची कार्यालये वॉशिंग्टन व रामल्ला येथे आहेत.

धोरणविषयक भूमिका : वालिद खालिदी यांनी जुलै १९७८ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’ या अमेरिकी नियतकालिकात पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेम मिळून सार्वभौम पॅलेस्टिनी राज्याची कल्पना मांडली. हे राज्य अलिप्त असावे आणि त्याच्या सैन्यावर मर्यादा असाव्यात, असे त्यांनी सुचवले. पॅलेस्टिनी नेतृत्वाने १९८८ मध्ये दोन राज्यांचा तोडगा औपचारिकपणे स्वीकारला, त्याच्या दहा वर्षे आधीचा हा लेख आहे.

मूल्यमापन : संस्था आपला दृष्टिकोन लपवत नाही, त्यामुळे तिच्या निष्कर्षांवर वादही झाले आहेत. हगाना या झायनवादी सशस्त्र संघटनेची १९४८ मधील ‘दालेत योजना’ हा पॅलेस्टिनींच्या हकालपट्टीचा आराखडा होता, हे वालिद खालिदी यांचे प्रतिपादन इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस यांना मान्य नाही. हा वाद कागदपत्रांच्या आधारे होऊ शकतो, याचे मोठे श्रेय मात्र या संस्थेला द्यावे लागते. अशा कामाची निकड १९८२ मध्ये दिसून आली : पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या बैरूतमधील संशोधन केंद्राचा संग्रह इस्रायली सैन्याने उचलून नेला आणि पुढच्या वर्षी युद्धकैद्यांच्या अदलाबदलीत तो परत करावा लागला. राज्य नसलेल्या समाजाने आपला इतिहास शिस्तीने नोंदवून जगापुढे ठेवल्याचे या संस्थेइतके भक्कम उदाहरण विसाव्या शतकात क्वचितच सापडते.