होटगीच्या झडपेचं कूळ

भाचा पुण्याजवळच्या एका पेंटबॉलच्या मैदानावर कामाला आहे. दिवाळीला सोलापूरजवळच्या होटगीला आला तो पिशवीत एक मार्कर घेऊनच. त्या खेळात बंदुकीला मार्कर म्हणतात, कारण तिचा जन्मच खुणा करण्यासाठी झाला. "मामा, बघा की जरा. हवा गळायलीय आन् कधीकधी आपोआप सुटती बी."

वर्तमानपत्र पसरून मी ती उघडली. आतून बोटभर लांबीचं एक रीळ निघालं. मध्ये कंबर, दोन्ही टोकांना डोकं, डोक्यांभोवती काळ्या रबरी कड्या. एक डोकं दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं. त्या मोठ्या-लहान डोक्यांवर माझी नजर खिळली. आमचे आण्णा होटगीच्या रेल्वे यार्डात कॅरेज ॲण्ड वॅगनकडे फिटर होते. दोन बाजूंच्या हवेच्या भांडणावर चालणारी झडप मी लहानपणापासून ऐकत आलोय.

त्या रात्रीपासून माझं एक मत बनलंय. या रिळाचं कूळ बंदुकीच्या घराण्यात नाही, रेल्वेच्या ब्रेकमध्ये आहे.

रीळ काम कसं करतं ते आधी सांगतो. या जातीच्या मार्करमध्ये रिळामागे साठवलेली हवा त्याला सतत पुढे ढकलत असते. पुढच्या बाजूलाही हवा असते आणि ती मोठ्या डोक्यावर दाबत असल्यामुळे रीळ मागे थोपून राहतं. घोडा दाबला की विजेवरची छोटी झडप पुढची हवा बाहेर सोडून देते. थोपवणारं कोणी उरत नाही, रीळ पुढे झेपावतं, वाट मोकळी होते आणि साठलेली हवा रंगाच्या गोळीमागे धावते. म्हणजे गोळी सुटते ती कुठली तरी हवा कमी झाल्यामुळे. कमी होणं हाच हुकूम.

आता १८७२ सालात चला. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हवेच्या ब्रेकचं पहिलं पेटंट घेतलं होतं. त्यात इंजिनातून हवा नळीनं डब्यांकडे पाठवली की ब्रेक लागायचा. नळी तुटली की ब्रेकच नाही! मग त्यानं सगळी कल्पना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी ठेवली, नळीत कायम दाब ठेवला आणि मध्ये एक झडप बसवली. नळीतला दाब घटला की टाकीतली हवा त्या झडपेचा दट्ट्या सरकवते आणि स्वतःच ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते. नळी तुटली तर गाडी आपोआप थांबते. ही ट्रिपल व्हॉल्व्ह. आजच्या वॅगनखालचा डीव्ही, म्हणजे डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह, तिचाच वंशज, आणि नळीत आज ५ किलोचा दाब असतो.

"ट्रिपल" का, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ती तीन कामं करते: टाकी भरणं, ब्रेक लावणं, ब्रेक सोडणं. दुसरा म्हणतो, तिला तीन जोड आहेत: नळी, टाकी आणि सिलिंडर. मी दुसऱ्या पक्षाचा. पाना हातात घेऊन झडप उतरवणाऱ्याला आधी जोड दिसतात, कामं वर्गात शिकवताना मोजली जातात. वस्तूंची नावं बहुधा पाना धरणाराच ठेवतो.

इथे होटगीचा माणूस मला लगेच अडवेल, आणि त्याचं बरोबर आहे. १८७१ मध्ये जीआयपी रेल्वेचा मार्ग रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाला, १८८४ मध्ये होटगीहून विजापूर-गदगकडे मीटर गेज गेली, पण आपल्याकडे गाड्या पिढ्यान्‌पिढ्या धावल्या त्या व्हॅक्यूम ब्रेकवर. वेस्टिंगहाउसची हवा आपल्याकडे सरसकट आली ती फार उशिरा. मग होटगीत ट्रिपल व्हॉल्व्हचं काय?

होटगीत तिचं काम एक गोळी करत होती. व्हॅक्यूम सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे पोकळी, इंजिनाशी पाऱ्याची ५१ सेंटिमीटर. ड्रायव्हरनं नळीत हवा घेतली की ती दट्ट्याखाली शिरते. वर जायच्या वाटेवर एक गोळी बसलेली असते, ती आपल्या जागी घट्ट दाबली जाते आणि वरची पोकळी कोंडून ठेवते. खालून वातावरण दट्ट्याला उचलतं, ब्रेक लागतो. आण्णा ती गोळी रॉकेलमध्ये धुऊन तळहातावर फिरवून बघत. एक बारीक ओरखडा असला तरी ती बाजूला. तिथे दाब घटतो, इथे पोकळी मोडते, पण सूत्र एकच: नळीतला तोल बिघडला की डब्याखाली साठवलेलं बळ आपणहून कामाला लागतं. साखळी ओढल्यावर डब्याच्या टोकाला क्लॅपेट व्हॉल्व्ह उघडायचा तोही याच हुकुमासाठी. हा हुकूम नसला तर काय होतं ते १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ दिसलं. आपोआप न लागणारा साधा व्हॅक्यूम ब्रेक, चढावर तोडलेली गाडी, मागे घसरलेले डबे, ८० मृत्यू. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा झाला.

माझ्या मताला दोन तगडे प्रतिस्पर्धी आहेत.

पहिला हवेच्या बंदुकीचा. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं अठराव्या शतकाच्या शेवटी जिरांडोनीची हवाई रायफल वापरली होती. तिच्यात हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणभर उघडते. झाडांवर आणि गुरांवर रंगाच्या खुणा करायला आलेलं नेलस्पॉट याच घराण्यातलं. त्याचं पेटंट डेझी कंपनीच्या जेम्स हेलच्या नावावर १९७४ मध्ये मंजूर झालं आणि त्याच्या शीर्षकातच हातोडी आहे. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरला बारा जण पहिला खेळ खेळले ते हीच बंदूक घेऊन. हातोडीवाल्या मार्करांचं कूळ मी हवाई बंदुकीला मुकाट्यानं देऊन टाकतो. पण रिळाला हातोडीच नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी वाफेचं इंजिन, आणि हा मला जास्त छळतो. मीटर गेजवरच्या वायपी आणि वायजी इंजिनांतला पिस्टन व्हॉल्व्ह दिसायला हुबेहूब हे रीळच: कंबर, दोन डोकी, कड्या. रूपाचा दाखला काढायचा तर त्याचा हक्क पहिला. पण त्याला बाहेरून दांडे हलवतात, वाफ त्याला स्वतः हलवत नाही. मार्करच्या रिळाला दांडा नाही, त्याला फक्त दोन बाजूंच्या दाबातला फरक हलवतो. तोंडावळा वाफेच्या इंजिनाचा असेल, स्वभाव ब्रेकचा आहे. कूळ मी स्वभावावरून लावतो.

मधला दुवा म्हणून मी ट्रककडे बोट दाखवतो. हैदराबाद रस्त्यावरच्या कुठल्याही एअर ब्रेकवाल्या मिस्त्रीला क्विक रिलीज व्हॉल्व्ह विचारा. ब्रेक सोडताना हवा पेडलपर्यंत परत न जाता चाकाजवळच सुटावी म्हणून ती बसवतात. मार्करमध्ये पुढची हवा झटकन सोडायला हौशी लोक बसवतात ती हीच झडप, फक्त नखाएवढी. रेल्वेकडून ट्रककडे, ट्रककडून कारखान्यातल्या हवेच्या यंत्रांकडे आणि तिथून मैदानावर, असा हा प्रवास झाला असणार. स्मार्ट पार्ट्स कंपनीनं १९९९ आणि २००० मध्ये विजेवर हवा सोडणाऱ्या मार्करची पेटंटं मिळवली, इतर उत्पादकांवर खटले भरले आणि २०१० मध्ये स्वतः बंद पडली. त्या भांडणातली वीज नवी होती. हवा कमी करून हुकूम द्यायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी होती.

आता शब्द. व्हॉल्व्ह हा शब्द लॅटिन "वाल्वा"वरून आला, म्हणजे दुमडत्या दाराचं पान. मराठीत झडप म्हणजेही दाराखिडकीचं पान. डॉक्टर हृदयाची झडप म्हणतात ती तिथूनच. (सोलापुरात पाण्याच्या व्हॉल्व्हला मात्र चावी, आणि तो सोडणारा चावीवाला.) पण लॅटिन शब्दाचं नातं वळण्याशी, बिजागरीवर फिरण्याशी लावतात. आपल्या झडपेत दुसराच अर्थ लपलाय: घार झडप घालते. दाराचं पान आणि घारीची झेप हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं सारखे दिसतात, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. झट, झटका, झडणे, झडप, सगळ्यांत अचानक सुटून पडणं आहे. वाऱ्यानं धाडकन मिटणारं पान आणि कोंबडीच्या पिलावर येणारी घार, पाहणाऱ्याला एकच हालचाल दिसते. रीळ वाट उघडतं आणि त्याच क्षणी झेपावतं. त्याला मराठीत एकच शब्द पुरतो, दोन्ही अर्थांनी.

भाच्याच्या मार्करला मी यार्डातलीच तपासणी लावली. यार्डात हौसपाइपच्या जोडावर साबणाचा फेस फासतात, फुगा येईल तिथे गळती. मागच्या बाजूला फेस शांत होता. पुढच्या कप्प्याच्या सांध्यावर मुगाएवढा फुगा आला, वाढला, फुटला, पुन्हा आला. आपोआप का सुटत होती ते कळलं: पुढची हवा घोडा न दाबताच कमी होत होती. नळी गळली की डब्याचे ब्रेक चिकटतात तसंच हे. रिंग बदलली, ग्रीसचं बोट फिरवलं. भाच्यानं गोळी न घालता घोडा दाबला. फस्स, ठप्प. मग तो मार्कर पाच मिनिटं तसाच हातात धरून उभा राहिला, सुटतो का बघत. सुटला नाही.